ब्रिटनमधील भाड्याच्या घरातील प्रीपेड मीटर: वापरानंतरचे परीक्षण

लेस्टरमध्ये आम्ही भाड्याने घेतलेल्या घरात वीज आणि गॅस या दोन्हींसाठी जुन्या पद्धतीचे प्रीपेड मीटर होते. विजेच्या मीटरला प्लास्टिकची ‘की’ (किल्ली) आणि गॅसच्या मीटरला कार्ड लागते. कोपऱ्यावरच्या, पेपॉइंट ही पैसे भरण्याची सोय असलेल्या दुकानात जाऊन त्यांत पैसे भरून आणायचे आणि घरी येऊन ती मीटरमध्ये घालायची, असा हा व्यवहार आहे. भारतातून नव्याने येणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला असे मीटर अनेकदा येतात, म्हणून या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की आधीच्या भाडेकरूने स्वयंपाकघराच्या खणात ठेवून गेलेली की किंवा कार्ड वापरून टॉप-अप करू नये. मीटरवर जुन्या रहिवाशाची थकबाकी नोंदलेली असू शकते, आणि ती दर आठवड्याला ठरावीक रकमेने नव्या माणसाच्या पैशांतून वळती होत राहते. आमच्या मीटरवर अशी थकबाकी होती. घराचा ताबा मिळताच दोन्ही मीटरच्या आकड्यांची छायाचित्रे काढावीत, भाडेकराराची प्रत हाताशी ठेवावी आणि पुरवठादार कंपनीला कळवून आपल्या नावाची नवी की व नवे कार्ड मागून घ्यावे. कायद्याने ते कर्ज आपले नसते; परंतु हे कंपनीच्या ग्राहकसेवेला पटवून देण्यात आमचा जो वेळ आणि मनस्ताप खर्ची पडला, त्याबद्दल माझी तक्रार आजही कायम आहे. घर बदलल्याची नोंद होताच थकबाकी आपोआप वेगळी काढली जायला हवी.

दुसरी बाब स्थिर आकाराची. महावितरणच्या बिलातही तो असतो, त्यामुळे त्याचे नाव नवे नाही. मात्र इथे तो रोज मीटरमधल्या शिलकीतून कापला जातो, आणि 2025 मध्ये वीज व गॅस मिळून ही रक्कम दिवसाला पाऊण पौंडाहून अधिक होती. उन्हाळ्यात हीटिंग पूर्ण बंद असले तरी गॅसच्या मीटरवर हा आकार साचत राहतो आणि थंडीत पहिला टॉप-अप केला की त्यातला मोठा भाग त्यातच जातो. म्हणून उन्हाळ्यातही गॅसच्या कार्डात थोडेथोडे पैसे भरत राहावे, हे मी आग्रहाने सांगेन.

पैसे संपल्यास इमर्जन्सी क्रेडिट मिळते. ते बहुधा 5 ते 10 पौंडांचे असते आणि पुढच्या टॉप-अपमधून वसूल होते. रात्री आणि शनिवार-रविवारी शिल्लक संपली तरी पुरवठा सहसा तोडला जात नाही. ही सोय खरोखर माणुसकीची आहे.

दराच्या बाबतीत पूर्वी या ग्राहकांवर अन्याय होत असे, कारण ज्यांच्याकडे पैसे कमी तेच, थेट बँकेतून बिल भरणाऱ्यांपेक्षा, प्रत्यक्षात जास्त मोजत होते. जुलै 2023 पासून सरकारने तो फरक भरून काढला आणि एप्रिल 2024 पासून ऑफजेम या नियामक संस्थेने स्थिर आकारातील तफावतही दूर केली. त्यामुळे आता केवळ महाग पडते म्हणून हा मीटर नाकारण्याचे कारण उरलेले नाही. गैरसोयीचे कारण मात्र पुरेपूर आहे.

जानेवारीच्या बोचऱ्या थंडीत, तान्हे मूल घरात असताना, केवळ गॅसच्या कार्डासाठी दुकान गाठावे लागणे मला मान्य होण्यासारखे नाही. स्मार्ट मीटर असेल तर हेच काम फोनवरील ॲपमधून होते, आणि टॉप-अपचा संदेश मीटरपर्यंत पोहोचला नाही तर पावतीवरील 20 अंकी क्रमांक मीटरमध्ये हाताने भरता येतो. जुन्या की-कार्डाच्या मीटरला मी पाचपैकी दोन गुण देईन, स्मार्ट प्रीपेडला साडेतीन. वीजबिल भाडेकरू स्वतः भरत असेल, तर मीटर बदलून मागण्याचा अधिकार त्याला आहे. घरमालकाला आधी कळवावे आणि कंपनी पततपासणी करू शकते, हे लक्षात ठेवावे. पाच वर्षांखालील मूल, वृद्ध किंवा आजारी व्यक्ती घरात असल्यास कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे जादा मदतीची गरज असलेल्या ग्राहकांच्या यादीत, नाव नोंदवण्याची विनंती मीटर बदलण्यासाठी कंपनीला फोन करतानाच करावी. ही नोंदणी विनामूल्य आहे.