बेळगावातली एनआयडब्ल्यू फाइल-सेवा: कागद चोख, पहिला मुद्दा कच्चा

टिळकवाडीतलं एक सल्लागार कार्यालय संशोधकांना अमेरिकेच्या एनआयडब्ल्यू (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, राष्ट्रहितासाठी सवलत) अर्जाची फाइल बांधून देतं. नोकरीची ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशन (त्या कामाला अमेरिकी कामगार मिळत नसल्याचा सरकारी दाखला) माफ करा, अशी मागणी करणारा हा ईबी-२ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गातला अर्ज.

कागदपत्रांत ही मंडळी पक्की आहेत. सीमाभागात जन्मदाखला कन्नडमध्ये आणि शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, हे नेहमीचंच. दोन्हींचं शिक्क्यांसकट पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर अचूक असल्याचं, आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र इथे मिळतं. हे दाखले पुढच्या टप्प्यात लागतात, पण तेव्हा धावपळ होत नाही.

घोडं अडतं ते पिटिशन लेटरवर, म्हणजे अर्जाची बाजू मांडणाऱ्या पत्रावर. ‘राष्ट्रीय महत्त्व’ या पहिल्या मुद्द्याच्या भागात पानंच्या पानं विषयाची थोरवी: कर्करोग किती गंभीर, स्वच्छ ऊर्जा किती गरजेची. या अर्जांची कसोटी ठरवणाऱ्या २०१६ च्या धनासर निकालानुसार तपासलं जातं ते अर्जदार अमेरिकेत नेमकं काय करणार आणि त्याचा परिणाम कुठवर पोहोचणार. त्याच निकालात हायपरसॉनिक प्रणोदनाचं संशोधन या कसोटीला उतरलं, अर्जदाराचं शिकवणं मात्र उतरलं नाही. वर्गाबाहेर त्याचा व्यापक परिणाम दाखवता आला नव्हता. कार्यालयाच्या नमुन्यात हा फरक कुठेच नाही. सायटेशन (इतर संशोधकांनी घेतलेले संदर्भ) आणि पुरस्कारही पहिल्याच मुद्द्यात कोंबलेले. ते दुसऱ्या मुद्द्याचे, म्हणजे काम पुढे नेण्याची अर्जदाराची कुवत दाखवणारे. अशा फाइलीवर आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस) आली तर नवल नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रींमुळे आपल्याकडे ओतकामाचे जाणकार बरेच, म्हणून तेच उदाहरण घेऊ. ‘कास्टिंग उद्योग महत्त्वाचा आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कोणत्या मिश्रधातूतली सच्छिद्रता, कोणत्या पद्धतीने कमी करणार, हे आधी लिहा. मग ती पद्धत एका कारखान्याबाहेर कशी जाईल ते दाखवा: प्रकाशित प्रक्रिया, परवाना, तांत्रिक मानक. शेवटी अमेरिकी सरकारचा त्याच प्रश्नावरचा अहवाल, पान आणि परिच्छेद दाखवून. नुसता दोनशे पानी अहवाल मागे टाचला तर अधिकारी त्यात तुमचं काम शोधत बसणार नाही. फायदा एकाच मालकाला किंवा त्याच्या ग्राहकांना होत असेल, तर पहिला मुद्दा तिथेच पडतो.

शिफारसपत्रांचे मसुदे एकाच साच्यातले, विशेषणंसुद्धा तीच. हे फार घातक आहे. अर्जदारासोबत कधीही काम न केलेल्या तज्ज्ञाने ‘ही पद्धत आम्ही अमुक कामात वापरली’ असं लिहिलेलं एक पत्र साच्यातल्या पाच पत्रांना भारी पडतं.

भाषांतर, एक्झिबिटची (जोडलेल्या पुराव्यांची) मांडणी आणि अनुक्रमणिका यांसाठी इथे जरूर जा. प्रस्तावित कामाचं निवेदन मात्र स्वतः लिहा आणि अमेरिकेतल्या परवानाधारक वकिलाकडून तपासून घ्या. ‘मंजुरी आली की ग्रीन कार्ड’ असं इथे सांगतात, त्यावर जाऊ नका. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-२ ची रांग दहा वर्षांहून लांब आहे; मंजुरीने त्या रांगेतली तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे तुमची जागा ठरवणारी तारीख, पक्की होते.