गंजरोधक धातूला कसा धरतो: भौतिक की रासायनिक अधिशोषण?

पोलादावरचा गंज काढायच्या हायड्रोक्लोरिक आम्लात चतुर्थक अमोनियम क्षार (नायट्रोजनवर कायमचा धनभार असलेली सेंद्रिय संयुगं) गंजरोधक म्हणून मिसळतात, म्हणजे आम्ल पोलाद खात नाही. गंमत अशी की आम्लात पोलादाचा पृष्ठभाग धनभारित आणि हे रेणूही धनभारितच! आधी क्लोराइड आयन पृष्ठभागावर बसतात, त्यांच्या ऋणभाराला धरून हे रेणू बसतात. पोटॅशियम आयोडाइड घातलं तर संरक्षण वाढतं, कारण आयोडाइड क्लोराइडपेक्षा घट्ट बसतं. हे भौतिक अधिशोषण: रेणू बंध न जोडता, नुसत्या विद्युत आकर्षणानं पृष्ठभागाला चिकटतात. टाकी तापली की पकड सैल.

तांब्यावर बेन्झोट्रायाझोलचं काम निराळं. त्याचे नायट्रोजन अणू तांब्याशी थेट बंध जोडतात आणि पृष्ठभागावर बहुवारिकाची (पॉलिमरची) पातळ साय धरते. हे रासायनिक अधिशोषण. संग्रहालयांत जुन्या कांस्यवस्तूंसाठी ते म्हणूनच वापरतात. पोलादावर मात्र त्याची तेवढी मात्रा चालत नाही.

अधिशोषणाची मुक्त ऊर्जा (रेणू चिकटताना होणारा ऊर्जाबदल; जितकी जास्त उणे तितकी पकड घट्ट) उणे २० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास असेल तर भौतिक, उणे ४० किंवा त्याखाली गेली तर रासायनिक, असा ढोबळ ठोकताळा आहे. माझा भरवसा तापमान बदलून केलेल्या चाचणीवर जास्त: तापवल्यावर पकड सैल होते का, ते पाहायचं. गंजरोधक म्हणून तपासल्या जाणाऱ्या कडुनिंबाच्या पानांच्या अर्कासारख्या मिश्रणाचं मोलर वस्तुमानच (एका मोलचं वस्तुमान) ठरलेलं नसतं, मग त्यावरून काढलेला ऊर्जेचा आकडा कशाचा?