फ्रेज रिप्लेसमेंटचा ऑनलाइन सरावसंच: काही महिने वापरल्यानंतर

आधी मत सांगून टाकते. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीतल्या 'फ्रेज रिप्लेसमेंट' प्रश्नांसाठीचा हा संच घेण्यासारखा आहे, पण ज्या गोष्टीची जाहिरात होते त्यासाठी नाही. जाहिरातीत सगळा भर 'हजारो प्रश्नां'वर असतो. खरी किंमत आहे ती चुकीचे पर्याय कसे बेतलेत याची, आणि तिथे या लोकांनी मेहनत घेतलेली दिसते. मी बँक पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) आणि एसएससी सीजीएल (केंद्र सरकारच्या पदवीधर पदांची परीक्षा) दोन्हींची तयारी करते, शिक्षण मराठी माध्यमातलं. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असे संच थोड्याफार फरकाने सगळीकडे मिळतात आणि खालच्या तक्रारीही बहुतेकांना लागू पडतील.

प्रश्नाचा साचा ठाऊक असेलच. वाक्यातला एक तुकडा ठळक किंवा अधोरेखित असतो, त्याच्या जागी योग्य तुकडा निवडायचा. बँकेच्या पेपरात चार पर्याय आणि पाचवा 'नो करेक्शन रिक्वायर्ड'. एसएससीत एकूण पर्याय चारच, त्यातला एक 'नो सब्स्टिट्यूशन रिक्वायर्ड' किंवा 'नो इम्प्रूव्हमेंट'.

संचातला एक प्रश्न बघा. 'द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स, हॅव बीन लुकिंग फॉरवर्ड टू मीट द न्यू चेअरमन.' ठळक भाग 'हॅव बीन लुकिंग फॉरवर्ड टू मीट'. पहिल्या पर्यायात 'मीट'चं 'मीटिंग' केलंय, पण 'हॅव' तसंच. दुसऱ्यात 'हॅज' आलंय, पण 'टू मीट' कायम. तिसऱ्यात दोन्ही दुरुस्त. चौथ्यात 'हॅज' आणि 'मीटिंग' दोन्ही बरोबर, मध्ये हळूच 'टू'च्या जागी 'फॉर'. म्हणजे कर्ता-क्रियापदाचा नियम येणारा दुसऱ्यात अडकतो, 'लुक फॉरवर्ड टू'नंतर आयएनजी लागतं हे पाठ असणारा पहिल्यात, आणि घाईत वाचणारा चौथ्यात. प्रश्न असा बेतायला वेळ लागतो. फुकटच्या पीडीएफमध्ये एक बरोबर पर्याय आणि तीन कुणीही ओळखेल असे हास्यास्पद पर्याय असतात. तसले दोनशे सोडवूनही हात बसत नाही.

या संचाने लावलेली सगळ्यात कामाची सवय म्हणजे ठळक नसलेला भाग आधी वाचणं. त्या भागाला आपल्याला हात लावता येत नाही, म्हणजे तो बरोबरच धरायचा. 'इफ ही वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव हेल्प्ड हिम' यात ठळक आहे फक्त 'वुड हॅव टोल्ड'. दुसरं अर्धं वाक्य 'वुड हॅव हेल्प्ड' सांगून मोकळं झालंय, तेव्हा पहिल्यात 'हॅड टोल्ड'शिवाय गत्यंतर नाही. 'नो सूनर' ठळक भागाबाहेर दिसलं की आत 'दॅन' शोधायचं, 'हार्डली' किंवा 'स्केर्सली' दिसलं की 'व्हेन'. पुढे 'यस्टरडे' किंवा 'इन 2019' असेल तर आतलं 'हॅज गॉन' बाद. नियम सगळ्या व्याकरणाच्या पुस्तकांत असतात. पण वाक्याच्या कुठल्या टोकाला आधी बघायचं हे पुस्तक शिकवत नाही. इथे प्रत्येक स्पष्टीकरणात तो सूचक शब्द वेगळ्या रंगात दाखवलाय, त्याचा फार उपयोग झाला.

मराठी माध्यमवाल्यांसाठी वेगळा विभाग नाही, पण 'कॉमन एरर्स' नावाच्या टेस्ट्स जवळपास आपल्याचसाठी आहेत म्हणा. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो, त्यामुळे 'सिन्स टू इयर्स' कानाला मुळीच खटकत नाही. जरी-तरीची जोडी डोक्यात पक्की, म्हणून 'ऑल्दो'नंतर 'बट' आपोआप येतं. 'तो येईल तेव्हा'मुळे 'व्हेन ही विल कम', 'च्याविषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट', 'त्याच्याशी लग्न'मुळे 'मॅरीड विथ'. यातलं काही 'वाचून विचित्र वाटतंय का बघा' या सल्ल्याने सुटत नाही, कारण आपल्याला विचित्र वाटतच नाही. हे प्रश्न मी एकगठ्ठा सोडवले, मग आठवडाभराने क्रम बदलून पुन्हा. ॲपमध्ये चुकलेले प्रश्न बाजूला काढायची सोय आहे. तीच सगळ्यात जास्त वापरली.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी: 'नो करेक्शन' हे उत्तर या संचात फारच क्वचित येतं. परिणाम असा की काही आठवड्यांनी तो पर्याय डोळ्यांना दिसेनासा होतो आणि धडधाकट वाक्यातही आपण खोट काढायला लागतो. खऱ्या पेपरात तो पर्याय शोभेला ठेवलेला नसतो. यावर उपाय म्हणून मी एसएससीचे जुने पेपर मधूनमधून सोडवत गेले. तिथे बरोबर वाक्यं मुद्दाम अवघड दिसतील अशी असतात. 'आय वुड रादर यू स्टेड' हे बरोबर आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. 'इट इज हाय टाइम वी लेफ्ट'चंही तेच.

दुसरी तक्रार स्पष्टीकरणांच्या असमान दर्जाची. सुरुवातीच्या टेस्ट्सची स्पष्टीकरणं नेमकी आहेत, पुढे पुढे 'हा पर्याय व्याकरणदृष्ट्या अयोग्य असल्याने चुकीचा आहे' असलं काहीतरी. अरे, ते तर लाल रंगावरूनच कळलं! मराठी स्पष्टीकरणांचा पर्याय निवडला तर हाल आणखी वाईट, काही वाक्यं तीनदा वाचूनही उलगडत नाहीत. इंग्रजीच ठेवा. 'वन ऑफ द कँडिडेट्स हू'नंतर एका टेस्टमध्ये 'हॅज' बरोबर दिलंय, दुसरीत 'हॅव'. व्याकरणाच्या प्रचलित नियमाप्रमाणे 'हू' हे 'कँडिडेट्स'साठी आलंय, म्हणून 'हॅव'. 'द ओन्ली वन ऑफ' असेल तर मात्र 'हॅज'. ॲपमधून कळवलं, बऱ्याच दिवसांनी का होईना, उत्तर बदललं.

याच्याशी जोडून एक खटकणारी गोष्ट. 'डिस्कस अबाउट' चूक आहे आणि दोघांपेक्षा जास्त असतील तर 'ईच अदर' चूक आहे, ही दोन विधानं संच एकाच ठसक्यात करतो. दुसरा नियम आज चांगले शब्दकोशही सक्तीचा मानत नाहीत. परीक्षेपुरता तो पाळा, माझी ना नाही, पण कुठला नियम पक्का आणि कुठला निव्वळ परीक्षेचा रिवाज हे सांगायला हवं होतं.

बँकेचे 'मागील वर्षांचे प्रश्न' म्हणून जे दिलंय ते जपून घ्या. बँकांची भरती परीक्षा घेणारी आयबीपीएस प्रश्नपत्रिका जाहीर करत नाही, त्यामुळे ते सगळे उमेदवारांच्या आठवणीतून जमवलेले. वाक्य आठवतं, पर्याय कुणाला शब्दशः आठवत नाहीत, आणि या प्रकारात तर सगळा खेळ पर्यायांचाच. एसएससी उत्तरतालिका प्रसिद्ध करते आणि शुल्क भरून आक्षेपही घेता येतो, म्हणून तिथले प्रश्न ताडून पाहता येतात.

टेस्टनंतरचा 'शंका असेल तर प्रश्न सोडा' हा सल्ला तर मी सरळ दुर्लक्षिते. बँकेच्या प्रिलिम्समध्ये (पूर्वपरीक्षेत) इंग्रजीच्या बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीला पाव गुण कापला जातो. पाचांतून डोळे मिटून निवडलं तरी सरासरी हिशेब शून्यावर येतो, एक पर्याय खात्रीने बाद करता आला की तो आपल्या बाजूने झुकतो. सीजीएल टियर-1 मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, बरोबरला 2, चुकीला वजा 0.50, तिथे तर आणखी सोयीचं. वरच्या मॅनेजरच्या वाक्यात एकच नियम येत असला तरी दोन-तीन पर्याय उडतात. असा प्रश्न सोडायचा कशाला?

वेळेच्या बाबतीत संच कामी आला. आयबीपीएस पीओ प्रिलिम्सला इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत, त्यात उतारा वेळ खातो. ठळक तुकड्याचे प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांत उरकले तरच निभाव लागतो. सुरुवातीला मिनिटभर जायचा, आता साध्या प्रश्नांना तेवढा लागत नाही. फ्रेझल व्हर्ब आणि वाक्प्रचारांचा भाग मात्र तोकडा आहे. 'टर्न डाउन', 'पुट अप विथ' याच्या पुढे गाडी जातच नाही, मेन्ससाठी (मुख्य परीक्षेसाठी) दुसरीकडे बघावं लागेल.

मुदत संपल्यावर मी पुन्हा घेतला नाही. चुकलेल्या प्रश्नांची यादी वहीत उतरवून घेतली आहे, त्यावर आणि एसएससीच्या जुन्या पेपरांवर चाललंय. पहिल्यांदाच घेणार असाल तर पैसे भरण्याआधी फुकटची नमुना टेस्ट द्या. तिच्यात ज्या प्रश्नाचं उत्तर 'नो करेक्शन' आहे तो शोधा आणि त्याखाली बाकीचे चार पर्याय का चूक हे लिहिलंय का, तेवढं वाचा. तसा एकही प्रश्न सापडला नाही तर दुसरा संच बघा.