प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्यामध्ये बसणारा हा हाताएवढा डबा. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर, युनिट असं बरंच काही दिसतं. कामाचे आकडे दोनच, वॅट आणि युनिट. हजार वॅटचं उपकरण तासभर सलग चाललं की एक युनिट, हे सगळ्यांना पाठ असतं. गोम त्या 'सलग'मध्ये आहे.

फ्रिजचंच बघा. कॉम्प्रेसर चालू असताना साधारण 100 वॅट, थांबला की दोन-तीन. मध्येच एकदम 200 च्या आसपास आकडा दिसतो आणि मीटर बिघडला असं वाटतं. तो फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधला बर्फ वितळवणारा हीटर असतो. म्हणून तासाभराच्या मोजणीवर जाऊ नका. मीटर 48 तास लावून ठेवा आणि आलेल्या युनिटना दोनने भागा. कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नसेल, तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय. मागच्या कॉइलवर धूळ बसली असेल तरी हाच प्रकार होतो.

जास्त वॅटचा गिझर जास्त वीज खातो, हा गैरसमज इथे निघतो. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला साधारण 0.44 युनिट लागतं, गिझर 2000 वॅटचा असो वा 3000 चा. पहिल्याला 13 मिनिटं, दुसऱ्याला 9, इतकाच फरक. वीज वाया जाते ती बटण दिवसभर चालू ठेवल्याने : टाकी निवत राहते, थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा तापवत राहतो. वॉशिंग मशीनमध्येही मोटर किरकोळ खाते. खरा खर्च गरम पाण्याच्या प्रोग्रॅमचा.

पण जड उपकरणांना हा मीटर कायमचा लावू नका. डब्यावर 16 अँपिअर लिहिलेलं असलं तरी पिना सैल बसल्या की सांधा तापतो. गिझर किंवा एसी मोजताना दहा मिनिटांनी बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा. चटका बसत असेल किंवा प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं, तर मोजणी तिथेच थांबवा. एक्स्टेंशन बोर्डावर तर जड उपकरण मोजूच नये.

सगळ्यात डोळे उघडतात ते 'बंद' वस्तूंवर. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स 10 वॅट ओढत असेल, तर 30 दिवसांत 7.2 युनिट गेली. उलट ज्या मोबाइल चार्जरवर सगळ्यांचा राग, तो नुसता सॉकेटमध्ये असताना मीटर बहुतेक वेळा शून्यच दाखवतो. स्वस्त मीटरला एक-दोन वॅट नीट मोजता येत नाहीत हे खरं, पण चिंता करण्यासारखं तिथे काही नसतंच.

छताच्या पंख्याला प्लग नाही, मग तो कसा मोजायचा? घराच्या मुख्य मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी 3200 सारखा आकडा छापलेला असतो. म्हणजे एका युनिटला तितक्या लुकलुकी. बाकी सगळं बंद करून 10 लुकलुकींना लागणारे सेकंद मोजा. 36,000,000 भागिले छापलेला आकडा, भागिले सेकंद, म्हणजे वॅट. 3200 च्या मीटरवर 150 सेकंद लागले तर 75 वॅट, साध्या पंख्याचा नेहमीचा आकडा. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला की तेच सेकंद दुपटीच्या वर जातात.

मीटरमध्ये दर भरायची सोय आहे, तिथे मात्र फसायला होतं. त्यात एकच दर बसतो, आणि जिथे आकारणी टप्प्यांनी होते तिथे वाचलेलं युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं. बचत बघायची तर त्या टप्प्याचा दर भरा. बिलाला युनिटने भागून आलेला सरासरी दर नको, त्यात स्थिर आकारही मिसळलेला असतो आणि तो एका युनिटनेही हलत नाही.

कुरकुर दोन गोष्टींची. आतला बटण सेल संपला की वीज जाताच साठवलेली युनिटं पुसली जातात, 48 तासांची मोजणी 47 व्या तासाला वाया. आणि डबा इतका रुंद की शेजारचा सॉकेट झाकला जातो. पाचपैकी चार.