१८ डॉलरमध्ये माझंच रेकॉर्ड: नर्सिंगच्या अर्जाआधी मागवलेला एफबीआय रिपोर्ट

२०१६ मध्ये ह्यूस्टनला एका पार्टीहून येताना पोलिसांनी माझी गाडी थांबवली. मी प्यायले होते. डीडब्ल्यूआयची, म्हणजे नशेत गाडी चालवल्याची केस झाली, क्लास बी मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ वर्गातला गुन्हा. दंड भरला, प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखालची मुदत, पूर्ण केलं. नवऱ्याशिवाय घरात कुणालाच सांगितलं नाही, सासूबाईंना आजही माहीत नाही. सहा वर्षांनी कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि सगळं पुन्हा वर आलं. नर्सचं लायसन्स देणाऱ्या टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाच्या अर्जात गुन्ह्यांबद्दल थेट प्रश्न आहेत आणि बोर्ड आपल्या बोटांचे ठसे घेऊन राज्याच्या डीपीएसकडून (सार्वजनिक सुरक्षा खात्याकडून) आणि एफबीआयकडूनही तपासणी करून घेतं.

सुरुवातीला घाबरून मी एका खाजगी वेबसाइटवर स्वतःचं नाव टाकलं. तिने माझ्याच नावाच्या दुसऱ्या बाईचा पत्ता दाखवला, माझी केस दाखवलीच नाही आणि कार्डावरून दर महिन्याला पैसे कापत राहिली. त्या भानगडीत पडू नका. एफबीआय स्वतःच आपल्याला आपलं रेकॉर्ड देते, आयडेंटिटी हिस्टरी समरी या नावाने, १८ डॉलरला. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि ठसे पोस्टाने पाठवायचे, नाहीतर ही सोय असलेल्या पोस्ट ऑफिसात जाऊन द्यायचे. पोस्टाचं शुल्क वेगळं पडतं. मी पोस्टात गेले. तेव्हा नर्सिंग होममध्ये एड, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, म्हणून काम करत होते, दिवसभर हात धुणं आणि सॅनिटायझर, त्यामुळे बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. उजवा अंगठा तीनदा काचेवर ठेवावा लागला. तुम्हीही असं काम करत असाल तर आठवडाभर आधीपासून रात्री हातांना क्रीम लावा.

रिपोर्टची लिंक ईमेलने आली. मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून उघडली. अटकेची तारीख, अटक करणारं खातं, आरोप, सगळं होतं. पुढे कोर्टाने काय केलं ते मात्र नव्हतं. म्हणजे माझ्या प्रोबेशनचा कुठे उल्लेखच नाही, नुसती अटक तेवढी लटकत राहिलेली. आणि तारीख! मी इतकी वर्षं फेब्रुवारी धरून चालले होते, तिथे ३१ मार्च होतं. अर्जात मी बिनधास्त फेब्रुवारी लिहिलं असतं आणि बोर्डाला वाटलं असतं की ही काहीतरी लपवतेय.

या सेवेचा खरा उपयोग मला इथे झाला. दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या क्लार्क ऑफिसातून निकालाच्या आणि प्रोबेशन संपल्याच्या सर्टिफाइड प्रती काढल्या. मग शिक्षण चालू असतानाच बोर्डाकडे डिक्लेरेटरी ऑर्डरसाठी अर्ज केला. ही सोय अनेकांना ठाऊक नसते. दोन वर्षं राबून, फी भरून शेवटी नकार ऐकण्यापेक्षा, आपण लायसन्सला पात्र आहोत का हे बोर्डाला आधीच विचारता येतं.

त्यासोबत आपल्या शब्दांत पत्र द्यावं लागतं. माझ्या पहिल्या मसुद्यात सगळी कारणंच होती: मैत्रिणीने आग्रह केला, जेवण उशिरा झालं, घर जवळच होतं. नवऱ्याने वाचलं आणि एवढंच विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" मी ते फाडून टाकलं. नव्या पत्राचं पहिलं वाक्य होतं, 'मी दारू प्यायले होते आणि गाडी मी चालवत होते.' त्यापुढे तारीख रिपोर्टमधली, कोर्टाचा निकाल प्रतींमधला. चार महिने वाट पाहिली. पात्र असल्याचं पत्र आलं तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. पुढे एनसीएलईएक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, पास झाले. आता रात्रपाळीला मेडिकल-सर्जिकल वॉर्डात असते.

काही गोष्टी आधीच सांगते. हा रिपोर्ट बोर्डाला देऊन चालत नाही, बोर्डासाठी ठसे पुन्हा द्यावेच लागतात. हा फक्त आपल्यासाठी. त्यातले संक्षेप पहिल्या वाचनात कळत नाहीत, शांतपणे बसा. चुकीचं काही असेल तर एफबीआयकडे हरकत घेता येते, तिला पैसे पडत नाहीत. आरोप मिसडिमीनर आहे की फेलनी (गंभीर गुन्हा) हेही नीट बघून घ्या, कारण फेलनीत दोषी ठरलेल्यांना नर्सिंग कॉम्पॅक्टचं, म्हणजे राज्यांमधल्या करारातलं, अनेक राज्यांत चालणारं लायसन्स मिळत नाही.

एफबीआयच्या या रिपोर्टला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. कोर्टाचा निकालही त्यात असता तर पाच दिले असते.

माझ्या वॉर्डातल्या एका एडला नर्सिंगला जायचंय. तिची अठराव्या वर्षीची एक केस आहे आणि त्या भीतीने तिने तीन वर्षं फॉर्मच भरला नाही. परवा तिने पोस्टात जाऊन ठसे दिले. लिंक आली की एकटीने उघडू नकोस, माझ्या घरी ये, असं तिला सांगून ठेवलंय.