केबिन फिल्टरचे पैसे घेतले आणि फिल्टर बदललाच नाही, सर्व्हिसिंगला गाडी देताना सांभाळा

पुण्यात बाबांनी आमची हॅचबॅक सर्व्हिसिंगला दिली होती. बिलात केबिन एअर फिल्टर (एसीतून गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) 690, लेबर 250 आणि वर एसी डिसइन्फेक्शन, म्हणजे जंतुनाशक फवारा, म्हणून 1200 लावले. अ‍ॅडव्हायझरने बाबांना पाचोळा अडकलेला काळाकुट्ट फिल्टर दाखवला आणि म्हणाला काका, नातवंडं ह्यातून श्वास घेतायत बघा. आमच्या पोरीला धुळीचा त्रास आहे, बाबा लगेच हो म्हणाले. मला पैशापेक्षा ह्याचीच जास्त चीड आली, म्हाताऱ्या माणसाला नातीच्या नावाने घाबरवायचं.

घरी आल्यावर एसीला वास तोच आणि ब्लोअर फुल करूनही हवा मंद, म्हणून मी ग्लोव्ह बॉक्स (डॅशबोर्डमधला कप्पा, फिल्टर त्याच्या मागे असतो) उघडला. आत माझाच फिल्टर! गेल्या वर्षी मी घरी बसवला होता, फ्रेमवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिलेले, अक्षर माझंच. म्हणजे बाबांना दाखवलेला फिल्टर दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा.

फोटो काढले, बिल घेऊन गेलो. आधी म्हणे मुलगा नवीन आहे, मग म्हणे स्टॉकला नव्हता. कन्झ्युमर हेल्पलाइन 1915 ला तक्रार टाकतो म्हणल्यावर फिल्टर आणि लेबरचे पैसे परत दिले, 1200 चे मात्र नाहीच, कारण फवारा मारला का नाही हे सिद्ध कसं करणार.

बऱ्याच गाड्यांत हे काम घरी होतं हो. ब्लोअर बंद करायचा, ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो, बाजूला छोटी दांडी किंवा दोरी असेल तर ती आधी सोडवा, ओढाताण केली तर तुटते. मागे आडवं झाकण असतं, त्याचे लॉक दाबून फिल्टर हळू बाहेर काढा नाहीतर कचरा आत ब्लोअरमध्ये पडतो. नवीन फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, जुन्याचा बाण जिकडे होता तिकडेच ठेवा. काही गाड्यांत स्क्रू असतात, मॅन्युअल बघा. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा, तो बॉनेटखाली असतो, बिलात ही दोन नावं मुद्दाम गोंधळात टाकतात.

सर्व्हिस सेंटरलाच करायचं असेल तर जुना फिल्टर आणि नव्याचा एमआरपी छापलेला खोका दोन्ही मागून घ्या, आणि घरातले वयस्कर कोणी गाडी घेऊन जाणार असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा.