गोव्यात आल्बम : जुन्या घरात मित्रांसोबत की स्टुडिओत तासांवर?

तुमच्या बँडची आठ-नऊ मराठी गाणी झाली आहेत, मित्रमंडळी आठवडाभर मोकळी आहेत. आता एक तर फोंडा-डिचोलीकडचं एखादं जुनं घर भाड्याने घ्यायचं, सगळ्यांनी एकत्र वाजवायचं आणि चार-पाच दिवसांत काम उरकायचं. नाही तर स्टुडिओत आधी ड्रम्स, मग बेस, मग गिटार, शेवटी गायन असं एकेक चढवत जायचं. बहुतेक जण पैशांवरून ठरवतात. माझ्या मते गाणी किती मुरली आहेत ते आधी बघा.

सगळ्यांना गाणी पाठ असतील, लोकांपुढे वाजवून झाली असतील, तर बेलाशक घर घ्या. कडव्यातून धृपदात शिरताना ड्रमर किंचित पुढे सरकतो, बेसवाला त्याच्याकडे बघून सोबत जातो, आणि तिथे गाणं उठतं. क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, कानात घालून एकेकट्याने वाजवलं की नेमकं हेच निसटतं. बीटल्सनी पहिल्या आल्बमची दहा गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवशी रेकॉर्ड केली. ब्लॅक सॅबथचा पहिला आल्बमही 1969 मध्ये जवळपास एका दिवसात झाला. पण दोन्ही बँड त्याआधी क्लबांतून वाजवून वाजवून तयार झाले होते. तुमची गाणी अजून कच्ची असतील तर घरातले चार दिवस चाल ठरवण्यातच जातील.

घर बघायला गेलात की मधल्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. नव्या फ्लॅटच्या समोरासमोरच्या सपाट भिंतींत ती थरथरत राहते. चिऱ्याच्या जाड भिंती, वर उंच कौलारू छप्पर, असं असेल तर ती बहुधा गोलसर होऊन विरते. तिथे ड्रम्सना चार माइक पुरतात: एक किकला (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), एक स्नेअरला (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), दोन वर. वरचे दोन्ही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत. दोरी धरून मोजा, नाहीतर स्नेअरचा आवाज पातळ होतो. गिटारचा अँप स्वयंपाकघरात ठेवून दार लावून घ्या, बेस थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या पेटीत, जोडा. गायकाला वेगळ्या खोलीत बसवा, म्हणजे त्याचं गाणं पुढे बदलता येईल. एवढं करूनही आवाज एकमेकांच्या माइकमध्ये झिरपतोच. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं, ही या पद्धतीची किंमत. मला ती मान्य आहे.

त्रास बाहेरून जास्त होतो. जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस वाजतो, तेव्हा नाव काढू नका. सकाळ-संध्याकाळ पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा येणारच, ती वेळ चहाला ठेवा. पंखा आणि फ्रिज प्रत्यक्ष रेकॉर्डिंगपुरते बंद. वीज गेली आणि साधा इन्व्हर्टर चालू झाला की गिटारच्या पिकअपमध्ये घरघर शिरते, ती नंतर धड निघत नाही. आणि रात्री दहानंतर ड्रम्स नकोत. शेजाऱ्यांचा विचार आधी, कायद्याचा नंतर.

स्टुडिओ खरा सरस ठरतो गायनाला. मराठीत भ, फ, ध, ख अशी महाप्राण अक्षरं पावलोपावली येतात आणि प्रत्येक वेळी हवेचा झोत थेट माइकवर आदळतो. माइक तोंडाच्या जरा वर, तिरका ठेवून, एकेक ओळ शांतपणे ऐकणारा जाणकार समोर असला की शब्द स्वच्छ येतात. गाण्यात घुमट, म्हणजे गोव्याचं मातीचं तालवाद्य, घेणार असाल तर तेही इथेच, नंतर, वेगळं वाजवून घ्या. 2019 मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळालेल्या या वाद्याचा खर्ज ड्रम्सशेजारी पार बुडून जातो.

बँडच नसेल तर गोष्ट वेगळी. रेमो फर्नांडिस यांनी 1984 चा आल्बम शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने थर चढवत केला आणि त्याच्या कॅसेट स्कूटरवरून फिरून विकल्या. एकटे असाल तर हाच रस्ता धरा, घर भाड्याने घेण्याचा खटाटोप करू नका.

चार-पाच जणांच्या तयार बँडला मी सांगेन: वाद्यं घरात एकत्र, गायन स्टुडिओत दोन दिवस, आणि मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज तोलून एकत्र बसवणं, बँडबाहेरच्या माणसाकडे. वाद्यं मांडण्याआधी मात्र शब्द कुणाचे, चाल कुणाची, खर्च कोण करतंय, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत, आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे त्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तो एक जण की सगळे मिळून, हे पहिल्याच दिवशी ठरवा.